पॅट्रिकची टोपी आणि चार पानांची रोपं

डेक्लनबद्दल लिहिताना मी ‘तो’ असंच लिहिणार आहे. आई असती तर तिने ‘ते’ लिहायला लावलं असतं. तिचा तो नवरा, आणि तिच्या मते माझ्या वडिलांच्या जागी. ती जागा रिकामी होती हे खरंच. मी लहान असतानाच वडील नागपूरला वारले, आई नर्सच्या नोकरीवर श्टुटगार्टला आली आणि मला तिने बऱ्याच वर्षांनी बोलावून घेतलं. तोवर ती डेक्लनच्या पबच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली होती आणि राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, जाऊन त्याच्याशी लग्नही करून मोकळी झाली होती. विमानतळावर तिने मला पुढे ढकललं. “पाया पड, हे काका.” मी वाकले. त्याला वाटलं माझं काहीतरी खाली पडलं, म्हणून तोही वाकला आणि आमची डोकी एकमेकांवर आपटली. हा किस्सा तो पुढे कितीतरी वर्षं गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा. सांगताना म्हणायचा, “सुमनची पोरगी आली तेव्हाची गोष्ट.” सुमन म्हणजे माझी आई. पोरगी तिची. त्याची कोणी नाही.

पब श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात होता, स्टेशनमागच्या गल्लीत. माझ्या खोलीची खिडकी एस-बान लोकलच्या रुळांवर उघडायची आणि जमीन थेट पबच्या डोक्यावर होती, त्यामुळे मला बाहेरून आगगाडी आणि खालून माणसं ऐकू यायची. सकाळी तळघरात बिअरची पिंपं घरंगळत जायची त्याने माझ्या पलंगाचे पाय थरथरायचे. दुपारी पलीकडच्या कारखान्यातून नव्या गाड्या बाहेर काढून फिरवायचे, तो आवाज वाघाला चिमटा काढल्यासारखा. आणि संध्याकाळी खालून कोबी उकडल्याचा वास. जर्मनीत मला पहिल्यांदा रडू आलं ते थंडीने नाही, त्या वासाने. आई हॉस्पिटलातून आली की पांढरे बूट काढायच्या आधी खालच्या स्वयंपाकघरात जायची आणि मटणाच्या भांड्यात नागपूरहून आणलेला काळा मसाला टाकायची. पाण्यात बटाटे आणि मेंढीची हाडं पोहत असायची, त्याला हे लोक आयरिश स्ट्यू म्हणायचे. आईच्या हाताने त्याला तर्री आली. कारखान्यातले फिटर ते खायला लांबून येऊ लागले. डेक्लन सगळ्यांना सांगायचा, ही त्याच्या आयर्लंडमधल्या, मेयोच्या आजीची कृती आहे. आई भांडं घासत ते ऐकायची आणि हसायची. मला हसू यायचं नाही. माल आपला आणि नाव दुसऱ्याचं, हे मला तेव्हाही चालत नव्हतं आणि आज तीस माणसं माझ्या हाताखाली आहेत तरी चालत नाही.

आई त्याला ‘अहो’ म्हणायची. त्याला वाटलं हे त्याचं मराठीतलं नाव. मग गिऱ्हाइकंही म्हणू लागली. पबमध्ये निम्मे जण ओरडायचे, “आहो, एक हेलेस बिअर!” आणि डेक्लन फुशारून वळायचा. आईने त्याला खरं कधी सांगितलं नाही. मी सांगायला गेले तर म्हणाली, “राहू दे वो. माणसाला कोणीतरी हाक मारून राहिलं, हे काय कमी आहे?”

हे त्याच्या बाबतीत खरंच होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली बटाटे सोलायला बसायचो, तेव्हा तो बोलायचा. आईबाप मेयोचे, पण त्याचा जन्म इंग्लंडातला, बर्मिंगहॅमचा. बाप तिथे रस्ते खणायचा. शाळेत पोरं याला आयरिश ‘पॅडी’ म्हणून लाथा घालायची. उन्हाळ्यात मेयोला आजीकडे पाठवलं की चुलतभाऊ ‘इंग्रज आला, इंग्रज आला’ म्हणत शेणाचे गोळे मारायचे. “एका वर्षात मी दोन देशांचा मार खायचो,” तो म्हणायचा आणि बटाट्याची साल एका लांब पट्टीत काढायचा, मध्ये तुटू द्यायचा नाही. मला हे फार आवडायचं. मी शाळेत ‘इंडेरिन’, म्हणजे इंडियावाली, होते आणि सुट्टीत नागपूरला गेले की मावसभाऊ मला ‘जर्मन मेम’ म्हणून चिडवायचे. मला वाटायचं, जगात हा एक माणूस आहे ज्याला मला काही समजावून सांगावं लागणार नाही. सोळाव्या वर्षी माणूस असा मूर्ख असतो.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, आईलाही माहीत होती, चौथ्या कोणाला नाही. फुटबॉलची मोठी स्पर्धा असली आणि इंग्लंडचा सामना असला की डेक्लन बाहेरच्या टीव्हीसमोर सगळ्यांबरोबर इंग्लंडला शिव्या द्यायचा. मग काहीतरी आणायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात यायचा. तिथे फ्रिजवर छोटा टीव्ही होता, त्याचा आवाज बंद करून तो स्टुलावर बसायचा आणि ओठातल्या ओठात “चल, चल, चल” करायचा. त्या उन्हाळ्यात इंग्लंड स्पर्धेतून बाहेर पडलं. बाहेर पबमध्ये ग्लास आपटून जल्लोष चालला होता, आणि हा आत भांडी पुसायच्या टॉवेलात तोंड घालून रडत होता. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, “बाहेर बोलू नकोस हं.” मी बोलले नाही.

आता पॅट्रिकच्या टोपीबद्दल सांगायला हवं. संत पॅट्रिक हा आयरिश लोकांचा रक्षणकर्ता संत. मार्चमध्ये त्याचा दिवस असतो. आज श्टुटगार्टला, म्युनिकला, बर्लिनला त्या दिवशी कोणीही हिरवी टोपी घालून नाचतं, पण तेव्हा शहरात आयरिश माणसं मोजकी आणि त्यांची मिरवणूक लहान, चर्चपासून आमच्या पबपर्यंत. मिरवणुकीच्या पुढे एक जण पॅट्रिक होऊन चालायचा, बिशपची उंच हिरवी टोपी आणि वाकड्या मुठीची काठी घेऊन. तो कोण, हे आदल्या रविवारी आमच्या पबमध्ये ठरायचं आणि ठरवायची मॉरा. मॉरा पियानो शिकवायची, आयर्लंडच्या गॉलवेची होती, साठीची असेल, आणि शहरात कोण किती आयरिश हे तिच्याइतकं कोणी जाणत नाही असं तिचं स्वतःचं मत होतं. टोपी तिच्या घरी गोल खोक्यात असायची. डेक्लन तिला वर्षानुवर्षं फुकट जेवू घालत होता, मिरवणुकीनंतर सगळ्यांना सूप देत होता, आणि दर वर्षी टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जात होती.

त्यानंतरच्या जानेवारीत मी त्याच्याशी सौदा केला. म्हटलं, “टोपी मी तुला मिळवून देते. पण त्या दिवशी सगळ्यांसमोर मला ‘माझी मुलगी’ म्हणायचं. आणि पुढेही तेच म्हणायचं. सुमनची पोरगी बंद.” तो हसला. मग हसायचा थांबला, तळहातावर थुंकला आणि हात पुढे केला. मेयोच्या गुरांच्या बाजारात सौदा असाच पक्का करतात म्हणे. मीही थुंकले. आमचे हात चिकटले. आयुष्यात त्यानंतर मी पुष्कळ करार केले, नोटरीसमोर बसून केले, पण त्या हातमिळवणीइतका विश्वास मी कशावर ठेवला नाही.

माझी योजना साधी होती. पॅट्रिकच्या दिवशी आयरिश माणूस कोटाला शॅमरॉकची, म्हणजे क्लोव्हर नावाच्या गवताची, डहाळी लावतो. डेक्लनची मावशी मेयोहून ओल्या कापसात गुंडाळून पाकीट पाठवायची आणि ते पोचेपर्यंत त्याचा काळा लगदा व्हायचा. मी ताजं शॅमरॉक कधी पाहिलंच नव्हतं. नववर्ष होऊन गेलं होतं, मी डेक्लनच्या व्हॅनमधून भाजी आणायला ग्रोसमार्क्टला, घाऊक बाजारात, गेले होते, आणि तिथे एक म्हातारा माळी क्लोव्हरच्या लहान कुंड्यांचे ट्रे कचऱ्यात टाकत होता. हिरवीगार, गोल पानांची, मधे लालसर डाग. प्रत्येक कुंडीत तारेवर बसवलेली धुरांडी साफ करणाऱ्याची काळी बाहुली. मी विचारलं, टाकता का? म्हणाला, आता कोण घेणार. मी म्हटलं, हात थांबवा. त्याने भाव सांगितला, मी हसले, तो चिडला, मी निघाले, त्याने हाक मारली. शेवटी आईच्या स्ट्यूच्या दोन वाट्यांवर सगळे ट्रे व्हॅनमध्ये आले. माझा पहिला मोठा सौदा. बाहुल्या मी उपटून फेकल्या. कुंड्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ओळीने मांडल्या. त्यांना मार्चपर्यंत जगवायचं होतं, आणि मी शाळेत असायचे, म्हणून सकाळचं पाणी डेक्लन घालायचा. दुधाच्या जगमधून, एकेका कुंडीला, शीळ घालत. कधी पान खुडून नाकाशी धरायचा. “मॉरा बघतच राहील,” म्हणायचा. आई म्हणायची, “अजून मेली नाहीत? मग येईल नशीब.”

तो रविवार मला कोरून ठेवल्यासारखा आठवतो. टेबलाटेबलावर एक कुंडी. बाहेर पावसाळी उजेड, आत ओल्या कोटांचा वास, स्ट्यूचा वास, काउंटरवर नळाची फुसफुस. मॉरा आली, गोल खोकं घेऊन, आणि ते तिने मधल्या टेबलावर ठेवलं. काउंटरशी कीथ बसला होता. कीथ इंग्रज, कारखान्यातला फिटर, रोजचा गिऱ्हाईक, आणि दर वर्षी या दिवशी मुद्दाम वाद उकरून काढणारा.

“मॉरा, तुमचा पॅट्रिक आमचा आहे,” त्याने सुरुवात केली. “आमच्या किनाऱ्यावरून तुमच्या चाच्यांनी सोळा वर्षांचं पोर पळवलं आणि मेंढ्या राखायला लावलं. आता त्याच्या नावाने पिता. निदान आम्हाला एक ग्लास तरी फुकट द्या.”

“पळून गेला होता ना तो? घरी पोचलाही होता,” मॉरा हातमोजे काढत म्हणाली. “तुमच्यात राहिला आणि पुन्हा आमच्याकडेच आला. का आला असेल, विचार कर. आणि तुमचा संत जॉर्ज? त्याने इंग्लंडमध्ये कधी पाऊल टाकलं नाही. तुर्कस्तानकडचा तो. त्याचे भाऊबंद इथे स्टेशनसमोर डोनर कबाब विकतात. त्याचा दिवस कधी असतो रे?”

“एप्रिलमध्ये.”

“एप्रिलमध्ये कधी?”

कीथने ग्लास तोंडाला लावला. सगळे हसले. डेक्लन सगळ्यांत मोठ्याने हसला, आणि कीथ त्याच्याकडे वळला.

“तू कशाला दात काढतोस? तू तर आमच्या मावशीच्या पलीकडच्या गल्लीत वाढलास. तोंड उघडलंस की बर्मिंगहॅम सांडतं. उद्या मी गोठ्यात झोपलो तर मला दूध येणार आहे का?”

“आईबाप मेयोचे आहेत त्याचे,” मॉरा म्हणाली. “कुठे जन्मायचं ते पोराच्या हातात नसतं. मी आईबाप धरते.” आणि खोक्यावर हात ठेवून तिने डेक्लनला बोलावलं. “ये इकडे. किती वर्षं तोंड बघतोयस.”

झालं, मला वाटलं. आई स्वयंपाकघराच्या दारात डाव हातात घेऊन उभी होती, तिनेही माझ्याकडे पाहून मान हलवली. रीत अशी होती की मॉरा आधी शॅमरॉकची डहाळी निवडलेल्याच्या कोटाला लावायची आणि मग टोपी द्यायची. डेक्लन समोर उभा राहिला, कोट ताणून. मॉराने जवळच्या कुंडीतलं पान खुडलं, टाचणी ओठांत धरली, आणि थांबली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. टाचणी ओठांतून काढली.

“हे काय आहे?”

“शॅमरॉक,” मी म्हटलं. “ताजं. मी आणलं.”

“शॅमरॉकला तीन पानं असतात, मुली. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. पॅट्रिकने हेच पान हातात धरून लोकांना देव समजावून सांगितला.” तिने माझं पान वर धरून सगळ्यांना दाखवलं. “हा चौथा कोण?”

“चौथा जर्मन असणार,” कीथ म्हणाला. “ते कुठेही येऊन बसतात.”

सगळा पब हसत सुटला. कोपऱ्यातला एक म्हातारा, इथलाच श्वाबियन, जो एरवी वर्षभरात तीन शब्द बोलायचा, त्याने कुंडी नाकाशी नेली. “आल्झो, हे तर ग्ल्युक्सक्ले, नशिबाचं चार पानी रोप. सिल्व्हेस्टरला, वर्षाच्या शेवटच्या रात्री विकतात, साखरेच्या डुकराबरोबर.” पुन्हा हशा. मला काही ऐकू येईना. मी डेक्लनकडे पाहिलं. तो मॉराकडे पाहत होता, आणि मॉरा त्याच्याकडे.

“डेक्लन, हे तुझ्या घरात कधीपासून आहे?”

“मला काय माहीत?” तो म्हणाला. “मी बघितलंही नाही. सुमनच्या पोरीचे उद्योग. इंडियन आहे ती, तिला काय कळतंय? हे लोक घरात सारखं काहीतरी करत असतात. मसाले, धूप, मूर्ती. मी लक्ष देत नाही.”

आईच्या हातातल्या डावातून रस्सा जमिनीवर टपकत होता.

“हां,” मॉरा म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. “मग ठीक आहे. परक्याचं पोर.” आणि तिने खोक्याच्या दोरीला हात घातला.

मी डेक्लनची बाही धरून त्याला स्वयंपाकघरात ओढलं. लोकांना वाटलं मी रडायला आत जाते आहे.

“सौदा काय होता?” मी म्हटलं.

“टोपी मिळाल्यावर म्हणायचं ठरलं होतं. अजून कुठे मिळाली?”

त्याही क्षणी तो घासाघीस करत होता. मला आजही त्या उत्तराचा राग येतो, आणि धंदेवाली म्हणून थोडं कौतुकही वाटतं. मी खिडकीकडे बोट दाखवलं. “पाणी कोण घालत होतं?”

“हळू बोल.”

“आणि या स्टुलावर टॉवेलात तोंड घालून कोण रडलं? इंग्लंडसाठी? बाहेर जाऊन सांगू? मॉराला सांगू की कीथला? कीथ जास्त खूश होईल.”

मग त्याचा हात खिशाकडे गेला. “किती पाहिजेत?”

हा प्रश्न मला पुढे शेकडो व्यापाऱ्यांनी विचारला आणि मी आनंदाने आकडे सांगितले. त्या दिवशी मात्र वाटलं, याने मला लाथ मारली असती तर बरं झालं असतं. “एक वाक्य पाहिजे,” मी म्हटलं. “आत्ता. टोपीच्या आधी.”

आई आमच्या मागे उभी होती. तिने फक्त गॅस बारीक केला.

आम्ही बाहेर आलो. मॉराने टोपी खोक्यातून काढून हातात धरली होती. डेक्लन मधोमध उभा राहिला आणि दंड भरताना माणूस बोलतो तशा आवाजात म्हणाला, “ही माझी मुलगी आहे.”

“तुझी?” मॉराने विचारलं.

“माझी.”

“मघाशी तर सुमनची होती.”

“माझीच आहे.”

मॉराने टोपी बघितली, मग मला बघितलं, डोक्यापासून बुटांपर्यंत, बाजारात आणलेल्या वासरासारखं. “मुलगी तुझी, तर घर तुझं. घर तुझं, तर ही रोपं तुझी. परक्या पोरीचं मी सोडून दिलं होतं, तिला कोण शिकवणार? पण आपल्या पोरीला तीन पानं आणि चार पानं बापाने शिकवायची असतात. बापालाच माहीत नसेल तर मी कुणाच्या डोक्यावर काय ठेवतेय?” तिने टोपी परत खोक्यात घातली. “कीथ इतकी वर्षं बोलतोय, मीच ऐकलं नाही.”

कीथने ग्लास उंच धरला. “ये रे डेक्लन! आलास घरी एकदाचा. बस, तुला एक बिअर पाजतो. संत जॉर्जच्या नावाने.”

ती टोपी आयर्लंडच्या कॉर्कहून नुकत्याच आलेल्या एका विद्यार्थ्याला मिळाली. त्याला ती नको होती. त्याला स्ट्यू हवा होता.

लोक गेल्यावर डेक्लनने एकेक कुंडी उचलून मागच्या अंगणात कचऱ्याच्या पेटीत टाकली. टाकली म्हणजे फेकली नाही. नीट ठेवली, एकावर एक, आणि झाकण लावलं. माझ्या शेजारून तो तीनदा गेला आणि तिन्ही वेळा मी दाराचा खांब असल्यासारखा वळसा घालून गेला. मी वर आईकडे गेले. ती पलंगावर बसून पायाला तेल चोळत होती.

“मिळालं तुला काय पाहिजे ते?” ती म्हणाली. “आता घाल त्याचं लोणचं.”

“तो ‘हे लोक’ म्हणाला. तू ऐकलंस ना?”

“ऐकलं. हॉस्पिटलात रोज ऐकते. तिथे ऐकायचा पगार मिळतो, इथे ऐकायचं छप्पर मिळतं.” तिने बाटलीचं बूच लावलं. “त्या माणसाजवळ एकच स्वप्न होतं, वंदना. ते तू भर बाजारात उतरवून घेतलंस. आणि त्याच्या बदल्यात काय आणलंस? एक वाक्य. उद्यापासून खालच्या स्वयंपाकघरात येऊ नको.”

लोक मला सांगतात, एवढ्या वयात आता सोडून दे. माझी मुलगी जर्मनमधून सांगते, मी मराठीतून उत्तर देते. मी काय सोडू? मला शब्द दिला होता, हात मिळवून दिला होता. त्याने तो आधी मोडला. मी फक्त वसुली केली. वसुलीत माल खराब निघाला तो माझा दोष नाही. डेक्लन त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. मी जेवून उठले की तो जेवायला बसायचा. काही सांगायचं असलं तर आईला सांगायचा, मी समोर असताना, इंग्रजीत: “सुमन, पोरीला म्हणावं दिवा बंद कर.” शाळा संपताच मी ग्रोसमार्क्टवर त्याच म्हाताऱ्या माळ्याकडे कामाला लागले. जाताना मी आईच्या काळ्या मसाल्याचा डबा उचलून नेला, सगळा. माझा धंदा त्या डब्यातून उभा राहिला आहे. पबच्या स्ट्यूला त्यानंतर पुन्हा कोबीचा वास येऊ लागला असं मी ऐकलं, आणि मला त्या दिवशी चांगली झोप लागली.

पुढची गंमत वेगळीच. ब्रेक्झिट होऊन इंग्लंड युरोपीय संघाबाहेर पडलं तेव्हा इथे राहायच्या कागदांसाठी इकडच्या इंग्रजांची पळापळ उडाली, आणि कीथला अचानक कॉर्कची एक आजी सापडली. म्हातारपणी तो आयरिश झाला. पासपोर्ट घेऊन पबमध्ये आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, “आता कोण कुठला?” डेक्लननेही चौकशी केली, तर कळलं की आईबाप तिथे जन्मलेले असल्यामुळे तो कायद्याने जन्मापासूनच आयरिश होता. मागितलं असतं तर कधीही पासपोर्ट मिळाला असता. त्याने आयुष्यभर मॉराला विचारलं, सरकारला कधी विचारलं नाही. आई मला फोनवर हे सांगताना हसत होती. त्याच वर्षी ती गेली. मॉरा तिच्या आधी आणि कीथ तिच्या मागोमाग.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मला डेक्लनच्या पफ्लेगेहाइममधून, म्हणजे वृद्धाश्रमातून, फोन आला. मिरवणुकीचं आता तरुणांचं एक मंडळ आहे, त्यांनी त्याला पॅट्रिक म्हणून निवडलंय. शहरातला सगळ्यात जुना पबवाला म्हणून. आयरिश आहे का, हे कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याच्या आदल्या वर्षी एक ब्राझीलचा मुलगा पॅट्रिक होता. डेक्लन चाकांच्या खुर्चीत होता आणि खुर्ची ढकलायला घरचं कोणीतरी हवं होतं. मी म्हटलं, येते. आणि येताना एक कुंडी नेली. मार्चमध्ये ग्ल्युक्सक्ले कुठे मिळत नाही. पण माझ्या गोदामाच्या खिडकीत दर नववर्षानंतर एक कुंडी बाजूला काढून ठेवलेली असते. पाणी मी स्वतः घालते.

चर्चसमोर हिरव्या विगमधल्या एका पोरीने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली. तीच टोपी, नवं अस्तर लावलेली. त्याची मान तिच्या वजनाने एका बाजूला गेली. मी कुंडी त्याच्या मांडीवर ठेवली. “ओह, सुपर, चार पानं!” पोरगी किंचाळली आणि फोटो काढू लागली. “तुम्ही मुलगी ना त्यांची?”

“हो, माझी मुलगी,” डेक्लन लगेच म्हणाला. किती सहज. जाहिरातीचा कागद वाटावा तसं. आता त्या वाक्याची त्याला काहीच किंमत पडत नव्हती.

मागे ढोल सुरू झाले. पुढचा रस्ता पोलिसाने मोकळा केला. विगवाली पोरगी हात हलवू लागली, चला. मी खुर्चीमागे उभी होते आणि माझा पाय ब्रेकवर होता. डेक्लनने मांडीवर पाहिलं. बोटाने एक पान उलगडलं, दुसरं उलगडलं.

“पाणी मी घालायचो,” तो पुटपुटला.

“मोठ्याने.”

त्याने मान वळवायचा प्रयत्न केला, टोपीमुळे जमलं नाही. मागची रांग एकमेकांवर येऊन अडकली होती. कोणीतरी विचारलं, चाक अडकलंय का? मी म्हटलं, नाही.

“मोठ्याने,” मी पुन्हा म्हटलं.

आणि तो ओरडला. त्या म्हाताऱ्या छातीत होता नव्हता तेवढा सगळा आवाज काढून, बर्मिंगहॅमच्या इंग्रजीत, “पाणी मी घातलं होतं! रोज! मी घातलं होतं!” लोकांना वाटलं संताचा आशीर्वाद आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, ग्लास उंच धरले. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांच्यातलं कोणीही तिथे नव्हतं. तो पुन्हा ओरडू लागला, तेव्हा मी ब्रेक काढला.